बीडला सगळं ठाऊक होतं

जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात एक आकडा सांगितला. बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली होती. त्याआधी एप्रिलमध्ये ‘बिझनेसलाइन’ या इंग्रजी दैनिकात राधेश्याम जाधव यांचं वार्तांकन आलं होतं आणि त्यावरून राष्ट्रीय महिला आयोगानं राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली होती. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक.

मुंबई-पुण्याला धक्का बसला. दिल्लीहून आणि परदेशातून पत्रकार आले. बीडमध्ये मात्र या बातमीत नवं असं फारसं काही नव्हतं. धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार या भागांतल्या बायका दाढ काढल्याइतक्या सहजपणे एकमेकींना सांगत, ‘मागच्या साली पिशवी काढली.’ नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला ठाऊक होतं, ऑपरेशनला पैसे देणाऱ्या, मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाला ठाऊक होतं. आशाताईला, मेडिकलच्या दुकानदाराला, ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना ठाऊक होतं. हजारो माणसांना माहीत असलेल्या गोष्टीला आपण ‘छुपी’ म्हणतो, तेव्हा ती नेमकी कुणापासून छुपी असते?

माझं उत्तर असं की ती कागदापासून छुपी असते. जिथे लिहिल्यावर कुणाला तरी जाब द्यावा लागेल अशा प्रत्येक ठिकाणी ती अनुपस्थित असते. आणि एखादं बिंग फुटल्यानंतर काय होतं, हा प्रश्नही तिथेच सुटतो. फुटलेली गोष्ट अशा कागदावर चढली, तर काहीतरी बदलतं. ती नुसतीच बोलली गेली, कितीही मोठ्या आवाजात बोलली गेली, तरी व्यवस्था थोडी सरकून बसते आणि पुढचा हंगाम सुरू होतो. बीडनं गेल्या पंधरा वर्षांत या दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत.

आधी ही रचना आहे तरी कशी, ते नीट पाहायला हवं. साखर कारखान्याची दर्शनी बाजू महाराष्ट्राला पाठ आहे. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीनं, सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून ऊस उत्पादक हा सभासद आहे. त्याचं नाव भागधारकांच्या यादीत असतं. वार्षिक सभेला तो उठून अध्यक्षांना प्रश्न विचारू शकतो. त्याच्या उसाचा किमान भाव केंद्र सरकार ठरवतं आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार तो चौदा दिवसांत द्यावा लागतो. नाही दिला तर साखर आयुक्त कारखान्यावर जप्तीची कारवाई करू शकतात. हा सगळा व्यवहार लिहिलेला आहे, म्हणूनच त्यावर भांडता येतं. शेतकरी संघटना दरवर्षी भांडतात, ते याच लिहिलेल्याच्या जोरावर.

हाच ऊस फडातून गव्हाणीपर्यंत पोहोचतो कसा, याची मात्र वेगळीच साखळी आहे. कारखाना तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी करार करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. ठेकेदार ती मुकादमाला देतो. मुकादम गावात येऊन ती उचल म्हणून कोयत्यांना वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. उचल लाखाच्या घरात असते, पावसाळ्यात घरात दाणे नसताना मिळते, लग्नात-दवाखान्यात खर्चून जाते, आणि दसरा-दिवाळीनंतर ती फेडायला टोळी बिऱ्हाडासह पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. कारखान्याला विचारलं तर ही माणसं ठेकेदाराची, ठेकेदाराला विचारलं तर मुकादमाची. मुकादम स्वतः बहुधा कालचा ऊसतोड्याच असतो. उचल घेऊन कोयता पळाला तर ठेकेदार त्याच्याच दारात येऊन बसतो. या साखळीत प्रत्येक जण खालच्याला धरून आहे आणि वरच्यापासून तुटलेला आहे.

या साखळीच्या अगदी शेवटी बाई आहे. तिच्या श्रमावाचून कोयता पुरा होत नाही, पण उचल घेताना अंगठा किंवा सही नवऱ्याची. हिशेब जोडीचा. टनामागचा दर जोडीचा. पहाटे तीन-चारला उठून ती स्वयंपाक करते, दिवसभर नवऱ्यानं तोडलेला ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर चाळीस किलोच्या आसपास वजन घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, आणि रात्री कोपीत परत चुलीपुढे बसते. न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांतही हेच. एक दिवस खाडा झाला तर पाचशे रुपयांपर्यंत कापले जातात आणि तो खाडा जोडीचा धरला जातो. अशा जगण्यात अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात कळा, अतिरक्तस्राव हे आलंच. तिचं लग्न पंधरा-सोळाव्या वर्षी झालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. पोरगी एकटी घरी ठेवायची भीती आणि जोडी झाली की पुरा कोयता, ही दोन कारणं एकमेकांना घट्ट बिलगून आहेत. कारखान्याच्या गेटसमोर उरकलेल्या लग्नांना ‘गेटकेन’ हे नावच पडून गेलंय. पंचविशीपर्यंत तिला दोन-तीन मुलं झालेली असतात, नसबंदी झालेली असते. मग गावी परतल्यावर ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. अंबाजोगाईला जिल्ह्याचंच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तिथे रांगेत दिवस मोडतो. खासगीत सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं, पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. पैसे? मुकादम देतो. पुढच्या उचलीत धरतो.

इथे थांबून एक गोष्ट बारकाईनं पाहायला हवी. यातल्या कुणीही ‘बायकांची गर्भाशयं काढा’ असा हुकूम दिलेला नाही. कारखान्यानं दिला नाही, मुकादमानं दिल्याचाही कागद नाही. बाईच्या जागी उभं राहून पाहिलं तर तिचा निर्णयही वेडेपणाचा नाही: दुखणं जाईल, पाळी जाईल, खाडा जाईल, भीती जाईल. डॉक्टरनं भीतीचा धंदा केला हे खरं, आणि त्याला माझ्या लेखी माफी नाही. पण डॉक्टर काढून घेतला तरी खाडा राहतो, फळी राहते, उचल राहते. या व्यवस्थेला कुणी एक कर्ता नाही, म्हणून तिचं बिंग फोडणं इतकं अवघड जातं. बातमीला खलनायक लागतो. कायद्याला आरोपी लागतो. तो सापडला नाही, की तपास बाईपाशी येऊन थांबतो.

२०१९ नंतर तेच झालं. समितीनं हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी, आरोग्यपत्रिका अशा चांगल्या शिफारशी केल्या. बीडमधल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. ती हवीच होती. परंतु ती बीडपुरती आहे, आणि हद्द ओलांडली की अहिल्यानगर, धाराशिव, लातूर हे जिल्हे लागूनच आहेत; आणि परवानगीची अट रोगाच्या शेवटच्या पायरीवर बसवलेली आहे. पहिल्या पायरीवर, म्हणजे फडात, काय बसवलं? गावांना मात्र नाव पडलं, गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं. अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन ओसरीवर येऊन बसली आणि त्यांनी बायकांना त्यांच्या पोटाबद्दल विचारलं. ज्या कागदावर त्यांचं नाव कधीच नव्हतं त्या कागदांना कुणी हात लावला नाही. नाव छापून आलं ते फक्त त्यांच्या जखमेखाली.

अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच झालं होतं. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपानं आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत स्थलांतरित मजुरांची काय दैना होते, हे दाखवायचं म्हणून ती लिहिली होती. वाचकाला भीती वाटली ती आपल्या ताटातल्या मांसाची. त्याच वर्षी तिकडे मांस तपासणीचा आणि खाद्यपदार्थ-औषधांच्या शुद्धतेचा असे दोन कायदे झाले. मजुराचे हाल मजुराच्याच वाट्याला राहिले. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या साखरेवर मोठा शोधवृत्तान्त छापला आणि शीतपेयांच्या जागतिक कंपन्यांपर्यंत तिचा माग काढला, तेव्हा मला ‘द जंगल’ आठवली. वृत्तान्त चोख होता, तो लिहिणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. धोका असा आहे की साखर घेणाऱ्याला स्वच्छ प्रमाणपत्र मिळण्यावर सगळी धावपळ संपावी. प्रमाणपत्रावर कारखान्याचं नाव येईल. कोयत्याचं येईल का?

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ८९४ होता. मधल्या दशकात काय चालू होतं, हे जिल्ह्यातल्या परळीला ठाऊक होतं, तिथे गाड्या करून येणाऱ्या चार जिल्ह्यांना ठाऊक होतं. २०१० साली वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानानं परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात छुप्या चित्रीकरणानं गर्भलिंगनिदानाचा हा व्यवहार पकडला. तरी रुग्णालय चालूच राहिलं. मे २०१२ मध्ये तिथे गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे राज्य जागं झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयानं मुंडे पती-पत्नीला दहा वर्षांची शिक्षा दिली. इथे खलनायक होता, पुरावा होता, शिक्षाही झाली. आणि सप्टेंबर २०२० मध्ये जामिनावर असलेला हाच माणूस, वैद्यकीय नोंदणी गेलेली असताना, परळीत पुन्हा दवाखाना चालवताना सापडला.

माणूस तुरुंगात जाऊन आला तरी ज्या गरजेवर तो जगत होता ती गरज बाहेरच होती. हे मान्य करूनही मी म्हणेन की गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत एक गोष्ट खरोखर बदलली, आणि ती खटल्यामुळे जितकी बदलली त्याहून जास्त एका कंटाळवाण्या छापील अर्जामुळे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखालचा ‘एफ फॉर्म’. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीमागे तो भरावा लागतो: कुणी पाठवलं, कशासाठी तपासणी, किती मुलं आहेत, कुणी केली. डॉक्टरांच्या संघटनांना तो जाच वाटला. कारकुनी चुकांसाठी आम्हाला गुन्हेगार ठरवता, अशी तक्रार घेऊन प्रसूतीतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ३ मे २०१९ ला न्यायालयानं ती फेटाळली. नोंद न ठेवणं ही कारकुनी चूक नाही, गुन्हा लपवण्याची ती वाटच आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. इतकं साधं सत्य न्यायालयाला सांगावं लागलं, यातच नोंदीची ताकद दिसते. छुपं चित्रीकरण एका दिवसाचं असतं, एका दवाखान्याचं असतं. फॉर्म रोज भरावा लागतो आणि तो सगळ्यांना भरावा लागतो.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचा असा रोजचा कागद देशात नव्हता. छत्तीसगड, बिहार, राजस्थानात हेच प्रकार समोर आल्यावर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल ५ एप्रिल २०२३ ला लागला आणि केंद्रानं आखलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा असं राज्यांना सांगितलं गेलं. म्हणजे बीड हा काही जगावेगळा पापी जिल्हा नाही. दुष्काळ, बाईचं शरीर आणि खासगी दवाखाना जिथे एकत्र येतात, तिथे हेच होतं.

कागदावर मी इतका भर देतो आहे, तर महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे जोतीराव फुले आठवले पाहिजेत. ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये १८८३ साली त्यांनी दाखवलं ते हेच, की कुळाला बुडवायचं हत्यार म्हणजे कुलकर्ण्याची लेखणी. कागद आपोआप गरिबाच्या बाजूनं नसतो. मुकादमाकडेही वही असतेच. उचल किती, खाडे किती, वाढ्यांचे किती, औषधाचे किती, सगळं त्यात असतं. हंगाम संपला, पट्टा पडला की त्याच वहीतून निघतं की उचल फिटलेली नाही, पुढच्या साली यावं लागेल. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं संपली म्हणतात. कर्जापोटी पुढच्या वर्षीचे श्रम बांधून घेणं ही त्या कायद्याच्या व्याख्येतलीच गोष्ट आहे. तेव्हा नोंद हवी म्हणजे अशी हवी, जी जोडीतल्या दोघांनाही वाचता येईल, जिची एक प्रत त्यांच्या हातात असेल, आणि जिच्यावर कारखान्याची सही असेल. एकाच्याच हातातली वही हीच तर लपलेली रचना.

तिसरी गोष्ट ताजी आहे आणि तिच्याबद्दल जपून लिहायला हवं. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे झालं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. खटला न्यायालयात आहे, कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. पण त्या हत्येनंतर जिल्हा एकाएकी मोकळेपणानं बोलू लागला: वाळू, औष्णिक केंद्राची राख, ठेके, शस्त्रपरवाने, पोलिसांतल्या जातीच्या गोटांपर्यंत. यातलंही काही नवं नव्हतं. मोर्चे निघाले, राज्यात एका मंत्र्याला पद सोडावं लागलं, शस्त्रपरवान्यांची छाननी होऊन अनेक रद्द झाले. पोलीस अधीक्षकांनी आपल्या माणसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली, आडनावावरून जात ओळखली जाऊ नये म्हणून. या पावलामागची तळमळ मला समजते, तिचा आदरही वाटतो. तरी मनात येतं की जातीच्या गोटांची गोष्ट इतकी उघडी पडल्यावर आपल्याला सुचलं ते झाकणं. कुठल्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायला किती दिवस लागले, कुणाच्या तक्रारीला आणि कुणाच्या नाही, ही नोंद दर महिन्याला लोकांपुढे ठेवली असती, तर आडनावाच्या पाटीला विचारलं कुणी असतं?

या तिन्ही गोष्टींत एका घटनेनंतर सगळे बोलू लागले, आणि प्रत्येक वेळी बोलण्याची किंमत दुबळ्यांनी मोजली. गर्भाशय गमावलेल्या बाईनं कॅमेऱ्यापुढे बसून, परळीत एका बाईनं जीव देऊन, मस्साजोगला एका सरपंचानं जीव देऊन. ही किंमत मोजल्यावर समाजाला जे मिळतं ते फार थोडा वेळ टिकणारं भांडवल आहे. काही महिने सरकार ऐकतं. त्या काही महिन्यांत काय मागायचं, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. नाहीतर समिती, शिफारस, सुट्टीवर पाठवलेला अधिकारी आणि बंद पडलेलं एक रुग्णालय एवढ्यावर ते खर्ची पडतं.

ऊसतोडीच्या बाबतीत मागणी काय असावी, याचं बरंचसं उत्तर तयारच आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचं ठरलं, ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचंही ठरलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, मुकादमाचं कमिशन २० टक्क्यांवर गेलं. दरवाढ हवीच होती, ती मिळवणाऱ्यांचं श्रेय त्यांना आहे. तरी चर्चेच्या टेबलावर येतो तो टन. कोयत्याचे दोन भाग कधी टेबलावर येत नाहीत. जोडीचा दर तसाच ठेवून तो दुप्पट केला, तरी बाईचं नाव कुठे येणार आहे?

म्हणून मागणी ओळखपत्राच्या पुढे जायला हवी. ओळखपत्र सरकारशी नातं सांगतं, कारखान्याशी नाही. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीमागे पावती निघते. तिच्यावर ऊस कुणाचा, गाडी कुठली, वजन किती, हे असतं. ऊस तोडणाऱ्या टोळीतल्या प्रत्येक जोडीतल्या दोघांची स्वतंत्र नावं कारखान्याच्या नोंदीत हवीत आणि मजुरीचा बाईचा अर्धा वाटा तिच्याच खात्यात जायला हवा. उचलीच्या करारावर कारखान्यानं रक्कम देणारा मूळ पक्ष म्हणून सही करावी, खाड्याची कपात बेकायदा ठरावी, आणि पिशवी काढणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं, जिल्हा कुठलाही असो, बाईचं वय, कारण आणि सल्ला देणाऱ्याचं नाव एफ फॉर्मसारखं लिहून पाठवावं. कारखाने म्हणतील, एवढी नावं आम्ही कशी सांभाळणार. हजारो सभासदांच्या उसाची लागणीची तारीख, जात आणि गट नंबर याच कारखान्यांच्या संगणकात आजही आहे. कुठल्या सरीतला ऊस कधी लावला, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो कुणी तोडला हेही लिहिता येईल.